एम३: जुनी ई३० आणि आत्ताची जी८०

ही जी डावीकडे दिसतेय ना, चौकोनी डबा, फुगलेली मडगार्डं, डिकीवर पंख, ती १९८६ सालची बीएमडब्ल्यू एम३, म्हणजे ३ सिरीजची तेज आवृत्ती; त्या पिढीला ई३० म्हणतात. शेजारची आत्ताच्या पिढीची एम३, जी८०. नाव तेच, पण जुनी जेमतेम १.६८ मीटर रुंद आणि नवी १.९० च्या वर, शेजारी उभ्या केल्या की जुनी अक्षरशः लहान पोर वाटते.

आता जुनी आली कशी ते ऐका. ग्रुप ए, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या गाड्यांच्या रेसमध्ये उतरायचं तर आधी रस्त्यावरच्या ५००० गाड्या बनवा असा नियम होता, म्हणजे बीएमडब्ल्यूला हवी होती रेसची गाडी आणि आपल्याला मिळाली ती नियमामुळे. इंजिनाचं काम बीएमडब्ल्यूचे इंजिनवाले इंजिनिअर पॉल रोशेंकडे. त्यांनी काय केलं, सहा सिलिंडरच्या इंजिनाचं हेड (वरचा भाग) घेतलं, त्यातले दोन सिलिंडर सरळ कापून टाकले, उघडी पडलेली बाजू पत्रा मारून बंद केली आणि ते चार सिलिंडरच्या ब्लॉकवर बसवलं. दोन आठवड्यांत पहिलं इंजिन तयार! आपला गॅरेजवाला असलं काही करायला लागला तर आपण गाडी ढकलत घरी आणू.

मागून बघा जरा. त्याच पिढीच्या साध्या ३ सिरीजपेक्षा काच जास्त तिरपी, डिकीचं झाकण वर उचललेलं, कारण हवा पंखापर्यंत नीट पोचायला हवी. युरोपातल्या गाड्यांत गिअरसुद्धा वेगळे, पहिला डावीकडे खाली, म्हणजे रेसमध्ये सतत लागणारे दुसरा-तिसरा एका सरळ रेषेत. राइट हँड ड्राइव्ह मात्र बनलीच नाही.

जुनीची पॉवर २०० हॉर्सपॉवर, वजन साधारण १२०० किलो. पण टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, पूर्ण मिळतो ४७५० आरपीएमला, त्यामुळे गिअर पाडायचा आळस केलात तर गाडी ढिम्म.

जी८० च्या जास्त ताकदीच्या ‘कॉम्पिटिशन’ मॉडेलला तीन लिटर, दोन टर्बो, ५१० हॉर्सपॉवर, आणि ६५० न्यूटन मीटर २७५० पासूनच हजर. शून्यापासून शंभरला ३.९ सेकंदांत, जुनीला जवळपास सात लागायचे. वजन अर्धा टन जास्त असून! जुनीत ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच फिरू न देणारी यंत्रणा) नावाचा प्रकारच नव्हता, हिच्यात दहा लेव्हलचा आहे, वर ड्रिफ्ट मारलात, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवलीत, की किती वेळ, किती कोनात ते मोजून स्टार देणारं सॉफ्टवेअर. खरंच, स्टार, शाळेच्या वहीत मिळायचे तसे.

वेगात नवीच भारी, वादच नाही. पण कॉम्पिटिशनमध्ये क्लच नाही, आठ गिअरची ऑटोमॅटिकच घ्यावी लागते. मॅन्युअल मिळते ती ४८० हॉर्सपॉवरवाल्या साध्या एम३ मध्ये, मागच्या चाकांवर चालणारी, शंभरला ०.३ सेकंद उशिरा. मला विचाराल तर तीच घ्या.