कुलूप तीनदा ओढलं

“तुम्हाला सुचतं कसं?” असं मला नेहमी विचारतात. खरं सांगायचं तर फार कमी वेळा सुचतं. बाकीच्या वेळी मी जुन्या वह्या चाळत बसतो. म्हणून आज बोलणार आहे ते वह्यांबद्दलच.

माझ्या सुरुवातीच्या वह्या अगदी टाकाऊ आहेत. त्यांत अशा नोंदी सापडतात: ‘एकटेपणा. यावर काहीतरी लिहायचं.’ पुढे दोन उद्गारचिन्हं. लिहिताना अंगावर काटा आला असणार, पण आज वाचून काही म्हणजे काही हाती लागत नाही. कल्पना मी उतरवून घेतली आणि ती जिच्यातून आली ती गोष्ट सोडून दिली. उसाचा रस पिऊन पेला जपून ठेवावा, तशातली गत.

नंतरच्या एका वहीत मात्र ही नोंद आहे: ‘समोरचे आजोबा. कुलूप तीनदा ओढलं. तिसऱ्यांदा कुलपाकडे बघितलं नाही, स्वतःच्या हाताकडे बघितलं.’ बस, एवढंच. जिन्यात दोन मिनिटं थांबून लिहिलेलं. त्यात एकटेपणा, म्हातारपण, विसरभोळेपणा यांतला एकही शब्द नाही. पण तीन वर्षांनी एका कथेत मी अडकलो होतो, नायक घराबाहेर पडायलाच तयार नव्हता, आणि हा हात आठवला. कथा सुटली. मी तेव्हा आजोबांवर मतं लिहून ठेवली असती, तर ती मतं तेवढी शिल्लक राहिली असती.

तेव्हा लिहायचं ते दिसलेलं लिहा. अर्थ नंतर लावता येतो.

आता दुसरी बाजू. दिसलेलं लगेच कामाला येतं असं मुळीच नाही. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. 1941 साली तो कुत्र्याला घेऊन डोंगरात भटकून आला, तर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी बोंडं चिकटलेली. त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि प्रत्येक काट्याच्या टोकाला हुकासारखा बारीक आकडा दिसला. त्यातून व्हेल्क्रो, म्हणजे बुटांना-पिशव्यांना असते ती चर्रकन उघडणारी चिकटपट्टी, जन्माला आलं. गोष्ट इथे संपवायची पद्धत आहे, पण मला तिचा पुढचा भाग जास्त आवडतो. पेटंट मिळालं 1955 साली! दिसायला एक दुपार लागली आणि बनवायला चौदा वर्षं. आकड्यांसाठी सूत चालेना, नायलॉन चाललं. मग नायलॉनचे फासे नेमके कुठे कापले की त्यांचे आकडे होतात, याची खटपट. असली बोंडं त्याच्याआधी हजारो माणसांनी वैतागून उपटून फेकली असतील. त्याने ती फेकली नाहीत, हे झालंच. पण पुढे कंटाळलाही नाही, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

कंटाळ्यावरून आठवलं. जॉर्जो मोरांदी नावाचा इटालियन चित्रकार बोलोन्यात राहून वर्षानुवर्षं त्याच त्या बाटल्या, बरण्या आणि डबे रंगवत राहिला. एक बाटली दोन बोटं सरकवली की नवं चित्र. लोक विषय शोधायला देशोदेशी हिंडतात (मीही हिंडलोय, हात हलवत परत आलोय), आणि हा माणूस टेबलावरची बाटली हलवत होता.

वही कुठली घ्यावी, पेन कुठलं, पहाटे लिहावं की रात्री, हे प्रश्न मला विचारू नका. खिशात मावेल ते घ्या. महागडी वही तर घेऊच नका, तिच्यात चांगलंच लिहिलं पाहिजे असं दडपण येतं.

पहिल्या रांगेतले एक गृहस्थ मघापासून चष्म्याची डबी उघडताहेत, मिटताहेत. टक, टक. मी कुलपाचं सांगत होतो तेवढा वेळ तो आवाज थांबला होता. कागद माझ्या खिशात आहे. खाली उतरलो की लिहून ठेवतो.