जॉब टाकीवरच निथळू द्या

नमस्कार. "दादा, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) कोणता बसवू?" या एकाच प्रश्नाने इनबॉक्स भरलाय. ईटीपीवर बोलूच, पण आज त्याच्या आधीच्या 10 सेकंदांबद्दल बोलायचंय.

प्लेटिंगची, म्हणजे धातूचा मुलामा चढवायची लाइन तुम्हाला पाठ आहे: तेल काढा, धुवा, ॲसिड, धुवा, निकेल, धुवा, क्रोम, धुवा. पुढे जाऊ.

जिग, म्हणजे जॉब (मुलामा द्यायच्या वस्तू) टांगायची चौकट, निकेलच्या टाकीतून वर येते तेव्हा जॉबला चिकटून द्रावणही येतं. हा ड्रॅग-आउट. ऑपरेटर घाईत जिग उचलतो आणि लगेच धुण्याच्या टाकीत बुडवतो. मला राग येतो तो इथे! तेच निकेल आपण पैसे देऊन आणलं होतं. आता ते पाण्यात गेलं, आणि ते बाहेर काढायला पुन्हा केमिकल टाकायचं, गाळ करायचा, गाळाची विल्हेवाट लावायची. जिग सावकाश उचला आणि टाकीवरच 10 सेकंद निथळू द्या.

आता पाण्याचा हिशेब. 1 लिटर ड्रॅग-आउट हजारपट पातळ करायला एका टाकीत साधारण 1000 लिटर पाणी लागतं. दोन टाक्या ठेवा, ताजं पाणी दुसरीत सोडा आणि तिथून उलटं पहिलीत आणा. मग जेमतेम 32 लिटर पुरतं. ड्रॅग-आउट अर्धा झाला तर हेही अर्धं होतं. म्हणजे पुन्हा तेच, निथळू द्या.

आणि डाग? मी ज्या शॉपमध्ये शिकलो तिथे वाटीसारख्या जॉबवर डाग यायचे. ब्राइटनर, म्हणजे चमक आणणारं केमिकल, बदलून पाहिला, उपयोग झाला नाही. वाट्या तोंड वर करून टांगल्या होत्या, प्रत्येक वाटी द्रावण भरून पुढे जात होती. तिरक्या टांगल्यावर डाग थांबले. पूर्ण पालथ्या मात्र टांगू नका, आत हवा अडकते आणि तिथे प्लेटिंग चढत नाही.

मागच्या व्हिडिओखाली एका ताईंनी लिहिलंय, "निथळत ठेवलं की निकेल वाळतं आणि वर क्रोम नीट बसत नाही." अगदी बरोबर पाहिलंय त्यांनी. म्हणून 10 सेकंद म्हणतोय, मिनिटभर नाही. आणि नुसतं थांबण्यापेक्षा सावकाश उचलण्याने जास्त फरक पडतो. ऑपरेटरला ओरडू नका हो, त्याच्यावर जिगच्या संख्येचं दडपण असतं. टाकीच्या वर एक आडवा दांडा लावून द्या, म्हणजे जिग हातात धरून उभं राहावं लागणार नाही.

उद्या हातमोजे आणि चष्मा घालून एवढंच करा: टाकीतून नेहमीसारखी झटकन उचललेली जिग रिकाम्या ट्रेवर धरा, 10 अंक मोजा आणि जमलेलं द्रावण मापाच्या नळीत ओता. किती मिलिलीटर भरलं ते कमेंटमध्ये लिहा. जिगवर किती जॉब होते तेही लिहा, नाहीतर तुलना करता येत नाही.