अलिबागचे पोहे, दिमोनाचे पोहे

परदेशी गेलेल्या मराठी माणसाच्या जेवणाचा विषय निघाला की गाडी न्यू जर्सीतल्या गणपतीच्या मोदकांकडे वळते. आज मी तिकडे जाणार नाही. बोलायचंय ते अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांबद्दल. हेही मराठीच बोलणारे. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तो बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

शेजाऱ्यांच्या आणि त्यांच्या ताटात फरक काय होता? ज्यू धर्माच्या पथ्यामुळे कोलंबी नाही, कुर्ल्या नाहीत. पर आणि खवले असलेलाच मासा चालायचा. मटणाला दूध-दही लागता कामा नये, म्हणून रश्शात नारळाचं दूध. आता नारळ तर कोकणात सगळेच घालतात! नियम पाळला जायचा आणि शेजाऱ्याला पत्ताही लागायचा नाही. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाच्या उपासाला हे लोक चक्क ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत, कारण त्याच्याशी वालाचं बिरडं जोडलेलं. शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेला वाइन कुठून आणणार? काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करायचे.

१९४८ नंतर मंडळी जायला लागली. बीरशेबा, दिमोना, लोद, रामले, अश्दोद अशा गावांत वसली. १९४९ पासून दहा वर्षं तिथे रेशनिंग होतं: अंड्याची पूड, मार्गारीन, गोठवलेली मासळी. सुरमई-पापलेट खाल्लेल्या माणसाची काय अवस्था झाली असेल, तुम्हीच सांगा. त्यातच काहींनी सरकारविरुद्ध धरणं धरलं. त्यांच्या तक्रारींत नोकरी होती, घर होतं, आणि पावही होता: आम्हाला काळा पाव देतात, पांढरा गोऱ्या ज्यूंसाठी ठेवतात. १९५२ मध्ये काही जण भारतात परत आलेसुद्धा.

पुढे रोजचं ताट बदललं, जसं सगळीकडे बदलतं. पिता नावाची रोटी, हुमुस ही चण्यांची चटणी, फलाफल हे चण्यांचे वडे, सकाळीच काकडी-टोमॅटो. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. मला खरी गोष्ट वाटते ती वेगळीच. कोकणात ज्या पथ्यांमुळे हे लोक वेगळे होते, ती पथ्यं इस्राएलमध्ये सरकारी झाली. लष्कराच्या भटारखान्यातही मांस आणि दूध वेगळं. शनिवारी तर अख्खं गाव बंद. आणि जे कोकणात सगळ्यांचं होतं, ते तिथे एकट्या यांचं होऊन बसलं.

मलिदा घ्या. पोहे धुऊन निथळायचे, त्यात खोवलेला नारळ, साखर, वेलची, काजू-बदाम. ताटात ढीग करून त्याच्याभोवती फळं मांडायची आणि एलियाहू हनावी या ज्यू प्रेषिताची प्रार्थना म्हणायची. लग्न ठरलं, नवस फिटला, बाळंतीण सुखरूप झाली की मलिदा. अलिबागजवळ सागावला एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण दाखवतात. तिथे हा विधी व्हायचा, अजूनही होतो. इस्राएलमध्ये हैफाला एलियाहूची गुहा आहे, तिकडे मलिदा जायला लागला. अलिबागेत पोहे कुणाचे, असं कुणी विचारलं असतं तर लोक हसले असते. दिमोनात पोहे म्हणजे भारतातले ज्यू! रामले-अश्दोदच्या भारतीय दुकानांतून ते मुद्दाम आणावे लागतात.

तांदळाचंही तसंच. पेसाह या ज्यूंच्या आठवडाभराच्या सणात आंबवून फुगलेलं गव्हासारखं धान्य वर्ज्य असतं. पूर्व युरोपातले ज्यू तेव्हा भातही शिवत नाहीत. बेने इस्राएल खातात. आता लग्नं आपापसातच होतात असं नाही. सासू पोलंडची, सून पनवेलकडची, तर त्या आठवड्यात चुलीवर काय चढवायचं हा घरोघरीचा वाद. बगदाद वगैरेकडून आलेले ज्यू यावर तोडगा सांगतात: सणाआधी तांदूळ तीनदा निवडून घ्या, गव्हाचा एक दाणा राहता कामा नये. सूप आणि परात घेऊन बसायला आपल्याकडच्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नसणार.