तराजूचा पासंग : मेमरी चिपमधील रिसीव्हरचे कॅलिब्रेशन

विद्युतदाब मोजणाऱ्या उपकरणाच्या पडद्यावर डोळ्याच्या आकाराची जी आकृती दिसते, ती मेमरी चिपच्या एकाच पिनवर येणाऱ्या असंख्य बिटांचे विद्युतदाब एकावर एक ठेवून तयार झाली आहे. वरची कड म्हणजे एक, खालची कड म्हणजे शून्य, आणि या दोहोंत फरक करण्यासाठी मधली मोकळी जागा तेवढी उरते. डीडीआर४ ही संगणकाच्या मेमरीची एक पिढी; ती जेव्हा प्रत्येक पिनवर सेकंदाला ३.२ अब्ज बिट घेते, तेव्हा एका बिटाच्या वाट्याला केवळ ३१२.५ पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सुमारे ९ सेंटिमीटरच पुढे सरकतो.

पिनमागे बसलेला रिसीव्हर येणाऱ्या दाबाची एका संदर्भ व्होल्टेजशी तुलना करतो आणि आलेला बिट एक की शून्य, हे ठरवतो. तो चुकला, तर पुढचे सर्व काम निर्दोष असूनही चुकीचा बिटच साठवला जातो. म्हणून डेटा पारखण्याआधी या पारख्यालाच पारखून घ्यावे लागते.

डीडीआर३ या आधीच्या पिढीत पुरवठा १.५ व्होल्टचा होता आणि त्याचा मध्य, म्हणजे ०.७५ व्होल्ट, बाहेरून चिपला दिला जात असे. जेडेक या मानक संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीडीआर४ मानकात डेटाच्या तारेचा शेवट रोधामार्फत थेट पुरवठ्याला जोडला गेला. त्यामुळे एकचा दाब १.२ व्होल्टवर स्थिर राहतो, पण शून्याचा दाब पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या बाजूंच्या रोधांच्या प्रमाणावर ठरतो. दोन्ही रोध समान असतील, तर शून्य ०.६ व्होल्टवर आणि मध्य ०.९ व्होल्टवर येतो. प्रमाण बदलले की मध्यही सरकतो. तो आधीच ठरवून देता येत नसल्यामुळे संदर्भ व्होल्टेज चिपच्या आतच तयार होऊ लागले. त्याची एक पायरी पुरवठ्याच्या ०.६५ टक्के, म्हणजे सुमारे ७.८ मिलिव्होल्ट असते. संगणक सुरू होताना मेमरी कंट्रोलर, म्हणजे मेमरीशी होणारी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, ठरावीक नमुना लिहितो, परत वाचतो, पायरी बदलतो, आणि वर व खाली कोठे चुका सुरू होतात ते पाहून त्या दोन हद्दींच्या मधली जागा निवडतो.

एवढ्याने काम संपत नाही, आणि खरी नजाकत पुढेच आहे. रिसीव्हरच्या तोंडाशी असलेले दोन ट्रान्झिस्टर आराखड्यात जुळे असले, तरी प्रत्यक्षात त्यांच्यात किंचित फरक राहतोच. पारडी रिकामी असतानाही एका बाजूला झुकणाऱ्या तराजूसारखा हा पासंग असतो. ट्रान्झिस्टर मोठे केले की तो घटतो. पण निम्मा करण्यासाठी क्षेत्रफळ चौपट करावे लागते, आणि मोठा ट्रान्झिस्टर पिनवरचा विद्युतभार वाढवून संकेतच मंदावतो. त्यामुळे ट्रान्झिस्टर लहानच ठेवून त्याचा दोष मोजून काढणे, हाच मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

त्यासाठी रिसीव्हरच्या दोन्ही प्रवेशांना एकच दाब दिला जातो. तराजू बरोबर असेल, तर सूक्ष्म विद्युत गोंगाटामुळे उत्तर कधी एक, कधी शून्य, असे साधारण निम्मे-निम्मे येते. सतत एकच उत्तर आले, तर पासंग आहे हे उघड होते. मग एक लहानसा डिजिटल संकेत बदलत आतला तोल पायरीपायरीने सरकवला जातो आणि प्रत्येक पायरीवर अनेक नमुने घेऊन बहुमत पाहिले जाते. खालून वर जाताना आणि वरून खाली येताना उत्तर ज्या पायऱ्यांवर पालटते, त्यांची सरासरी रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या एका छोट्या नोंदजागेत, नोंदवली जाते.

हा दोष प्रत्येक पिनचा निराळा असतो. एका पिनला वर सरकणे हवे असते, तेव्हा शेजारच्या पिनला कदाचित खाली. आणि डीडीआर४ मध्ये संदर्भ व्होल्टेज चिपच्या सर्व डेटा पिनांना सामाईक असते. २०२० च्या डीडीआर५ मानकात पुरवठा १.१ व्होल्टवर आला आणि दोन कडांमधली जागा आणखी आक्रसली, तेव्हा प्रत्येक पिनसाठी संदर्भ व्होल्टेज स्वतंत्रपणे किंचित सरकवण्याची सोयही त्यात आली.

तापमान वाढले की हा तोल पुन्हा ढळू शकतो, मात्र चालू मेमरी थांबवून तो तपासणे परवडत नाही. येथे रिफ्रेशचा, म्हणजे साठवलेले बिट पुसले जाऊ नयेत म्हणून ते वेळोवेळी ताजे करण्याच्या कामाचा, उपयोग होऊ शकतो. सामान्य तापमानात डीडीआर४ चिपला सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेशची आज्ञा मिळते, आणि आठ गिगाबिटच्या चिपमध्ये ते काम ३५० नॅनोसेकंद चालते. तेवढा वेळ तिच्या डेटा पिनांवर वाहतूक नसते, म्हणजे रिसीव्हर मोकळा असतो. अशा वेळी संपूर्ण शोध नव्याने घेण्याचे कारण नाही. नोंदवलेल्या पायरीच्या एक वर आणि एक खाली तपासले, तरी तोल कोणत्या बाजूला सरकतो आहे ते कळते.