गावाला जाऊन आलेल्याची कावीळ

(ब्रिटनमधल्या एका मराठी मंडळाच्या आरोग्यसत्रात एका डॉक्टरबाईंनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, नमस्कार. काविळीवर बोलायला मला बोलावलंत, त्यात माझाही थोडा स्वार्थ आहे. माझ्या हातून एकदा झालेली चूक मला तुमच्यासमोर सांगायची आहे, कारण तशी चूक पुन्हा होऊ नये यासाठी तुम्हीच सगळ्यात जास्त मदत करू शकता.

बारा वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात एक मराठी मुलगी दाखल झाली. तेहतिसावा आठवडा. अंगाला खाज, अन्नावरची वासना गेलेली, दोन दिवस उलट्या आणि डोळे पिवळे. गरोदरपणाच्या शेवटी खाज आणि कावीळ असं दिसलं की इथले डॉक्टर आधी गरोदरपणात पित्ताचा प्रवाह मंदावण्याच्या आजाराचा विचार करतात. आपल्या भागातून आलेल्या बायकांमध्ये तो जरा जास्तच आढळतो. केसपेपरवर लिहिलं होतं, ‘परदेश प्रवास : नाही.’ मी ते वाचलं आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. एएलटी, म्हणजे यकृताच्या पेशींतलं एन्झाइम, १८००. भारतातल्या रिपोर्टांवर त्यालाच एसजीपीटी लिहितात. निरोगी माणसात हा आकडा चाळीस-पन्नासच्या आत असतो. पित्ताच्या त्या आजारात तो बहुतेक वेळा काही शेकड्यांवर थांबतो. हजारांत गेला म्हणजे यकृताच्या पेशी मोठ्या संख्येने मरत आहेत. मी परत तिच्या खाटेपाशी गेले आणि मराठीत विचारलं, “इतक्यात माहेरी जाऊन आलीस का गं?”

“हो, डोहाळजेवण होतं ना. तीन आठवडे होते.”

“मग प्रवास नाही असं का सांगितलंस?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “प्रवास कुठे, डॉक्टर? आईकडे गेले होते.”

मंडळी, तिचं काही चुकलं नव्हतं. माहेर, गाव, आजोळ यांना आपण कधी परदेश म्हणत नाही. पण इथे जन्मलेल्या किंवा वीस वर्षं इथलंच पाणी प्यायलेल्या माणसाच्या यकृताला हे नातं ठाऊक नसतं. आमचा प्रश्नच चुकीचा होता. तेव्हापासून मी ‘प्रवास केलात का’ असं विचारत नाही. ‘गेल्या सहा महिन्यांत कुठे कुठे राहिलात, तिथे कधी पोचलात, कधी निघालात’ असं विचारते.

सहा महिने का, ते सांगते. यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिसचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही काळ जातो, आणि प्रत्येक विषाणूचा तो काळ वेगळा असतो. हिपॅटायटिस एचा १५ ते ५० दिवस, सरासरी २८. ईचा साधारण १५ ते ६० दिवस. बी मात्र दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत केव्हाही डोकं वर काढतो. त्यामुळे परत आल्यावर पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले, तर तिथे पोचल्याची तारीख विचारल्याशिवाय काहीच ठरवता येत नाही. आणि परतल्यावर पाचव्या महिन्यात कावीळ झाली, तर ए आणि ई यांचा त्या सहलीशी संबंध उरत नाही. तेव्हा तिथे दात काढला होता का, टाके घातले होते का, इंजेक्शन घेतलं होतं का, टॅटू केला होता का, शरीरसंबंध आला होता का, हे विचारावं लागतं. आईवडिलांना खोलीबाहेर पाठवून विचारावं लागतं.

त्या मुलीच्या नवऱ्याला तारखा आठवेनात. त्याने घरी फोन करून सासूबाईंना स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाचा फोटो पाठवायला सांगितलं. एका चौकोनात बॉलपेनने ‘मुंबई विमान’, पुढच्या पानावर ‘परत’, मध्ये कुणाचा तरी वाढदिवस. मी खाटेच्या कडेला बसून दिवस मोजले. परतून २८, पोचल्यापासून ४९. ए आणि ई दोन्ही त्यात बसत होते. दोन्हींचे आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गाची प्रतिपिंडं, तपासायला पाठवली आणि सोबत ईच्या आरएनएची, म्हणजे खुद्द विषाणूच्या जनुकीय द्रव्याची, तपासणीही, कारण ईच्या आयजीएमचे सगळेच किट सारखे भरवशाचे नसतात. ए निगेटिव्ह. ई पॉझिटिव्ह.

या ईचा इतिहास आपल्या फार जवळचा आहे. १९५५च्या अखेरीस दिल्लीत पुरानंतर यमुनेचं पात्र सरकलं आणि नाल्याचं पाणी शहराच्या पाणीपुरवठ्यात शिरलं. २९ हजारांच्या आसपास लोकांना कावीळ झाली. त्यात गरोदर बायकांचे हाल वेगळेच होते. कित्येक वर्षं सगळे त्याला ‘ए’च समजत राहिले. साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांची तपासणी १९८० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की तो ए नव्हताच. त्या संशोधकांमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या डॉ. खोर्शेद पावरी होत्या. दरम्यान १९७८ मध्ये काश्मीरमध्ये तशीच साथ आली आणि डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी हा निराळाच आजार असल्याचं दाखवून दिलं. मग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मिखाईल बलायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्यायला. ए त्याला पूर्वीच होऊन गेला होता, तो पुन्हा होणार नव्हता. छत्तिसाव्या दिवशी तो आजारी पडला आणि त्याच्या विष्ठेत नवा विषाणू दिसला. ते वाचताना माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

इंग्लंडमध्येही ई आहे, पण तो वेगळ्या जनुकीय प्रकारचा. डुकराच्या मांसातून येतो आणि सहसा वयस्कर पुरुषांना गाठतो. भारतात पाण्यातून येणारा प्रकार तरुणांना होतो, आणि शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर स्त्रीला झाला तर साथींच्या नोंदींमध्ये मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत आढळलेलं आहे. ईवर कधी कधी दिलं जाणारं रिबाव्हिरिन हे औषध गरोदरपणात देता येत नाही. नुसतं लक्ष ठेवावं लागतं, आणि तेही बिलिरुबिनवर, म्हणजे डोळे पिवळे करणाऱ्या द्रव्यावर, कमी, आयएनआरवर जास्त. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप. रक्त गोठवणारे पदार्थ यकृत बनवतं. ते बनवणं थांबलं की हा आकडा चढतो. डोळे किती पिवळे यावरून धोका कळत नाही. आयएनआर चढला, माणूस भलत्याच वेळी झोपू लागला, बोलताना गडबडू लागला, तर एक तासही थांबू नका. तिचा आयएनआर १.९ होता. ती यकृताच्या मोठ्या केंद्रात गेली, आठ दिवसांनी आकडा उतरला आणि पस्तिसाव्या आठवड्यात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. पण माझा एक अख्खा दिवस वाया गेला होता, आणि एवढ्या नशिबावर कुणाला सोडायचं नसतं.

आता तुमच्या मुलांबद्दल. इथल्या शाळांना सुट्टी जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये. म्हणजे आपण नेमके भर पावसाळ्यात गावी पोचतो, जेव्हा विहिरीत आणि नळात नको ते पाणी मिसळतं. परतायचं सप्टेंबरच्या तोंडावर. दिवस मोजा, ए हजेरी लावतो सप्टेंबरअखेर. पालकांना बहुधा काही होत नाही, कारण तो त्यांना लहानपणी कळत-नकळत होऊन गेलेला असतो आणि संरक्षण जन्मभर टिकतं. इथे वाढलेल्या मुलाकडे ते नसतं. सहा वर्षांच्या आतल्या बहुतेक मुलांमध्ये कावीळ दिसतही नाही. ती आजार घरभर वाटत फिरतात. वय जितकं जास्त तितका ए तापदायक. “आम्ही बाटलीबंद पाणीच प्यायलो,” असं सगळेच सांगतात. कोकणात जाऊन आलेल्या एका तरुणानेही सांगितलं. मग हळूच आठवलं, आरतीनंतर रोज कोकम सरबत होतं, विहिरीच्या पाण्याचं. एची लस एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, प्रवासासाठी मोफत मिळते. घरात कुणाला ए निघाला, तर बाकीच्यांना १४ दिवसांच्या आत लस दिली तरी उपयोग होतो.

इथे बसलेल्या डॉक्टरांना एक विनंती. एचबीएसएजी, म्हणजे रक्तात बी असल्याची खूण, पॉझिटिव्ह आलं की ‘प्रवासात बी झाला’ असं लगेच लिहू नका. भारतात सगळ्या राज्यांतल्या बाळांना बीची लस २०११पासून मिळते, या देशात २०१७पासून. त्याआधी जन्मलेल्या कित्येकांच्या रक्तात तो आईकडून आलेला असतो. अशा माणसाला आता ए किंवा ई झालेला असू शकतो आणि जुना बी उगाच आरोपी ठरतो. कोअर आयजीएम, म्हणजे बीच्या ताज्या संसर्गाची प्रतिपिंडं, पाहा. हिपॅटायटिस सीमध्ये उलट फसगत होते. सुरुवातीचे काही आठवडे प्रतिपिंडं तयारच झालेली नसतात, आरएनए मात्र आठवड्या-दोन आठवड्यांत सापडतो. आज सी ९५ टक्क्यांहून अधिक जणांमध्ये दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, म्हणून तो निसटू देणं जास्तच वाईट.

आणि प्रत्येक पिवळा डोळा हिपॅटायटिसचा नसतो. व्हायरल काविळीत डोळे पिवळे होईपर्यंत ताप बहुधा उतरलेला असतो. तो चढताच राहिला, तर मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करा. डोळे लाल, पोटऱ्या दुखतात, मूत्रपिंडाची स्थिती सांगणारं क्रिएटिनिन वाढलेलं, बिलिरुबिन खूप पण एएलटी फक्त दोनशे, आणि माणूस भाताच्या खाचरात उतरून आलेला? तो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार, असू शकतो. त्याला अँटिबायोटिक हवं, वाट पाहणं नको.

शेवटचा विषय नाजूक आहे. कावीळ झाली की गावाकडे गळ्यात माळ घालतात, नाकात थेंब सोडतात, कुठे कुठे डागही देतात. आजीच्या मायेवर मला बोट ठेवायचं नाही. ए बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, म्हणून माळेला यश मिळतं. पण नाकात किंवा पोटात काय गेलं, ते मला कळायलाच हवं, कारण काही वनस्पतीच यकृताला इजा करतात आणि रिपोर्ट अगदी हिपॅटायटिससारखा दिसतो. गुळवेल आणि अश्वगंधेबाबतही तसं आढळलंय. मी रागावणार नाही. पुड्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं, तिथल्या लॅबचे कागद, जे असेल ते पिशवीत घालून आणा. आणि निघण्याआधी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाचा फोटो काढा, दोन्ही महिन्यांच्या पानांचा.