मानापमान: 'केसरी'तल्या माणसानं लिहिलेली लव्हस्टोरी

हा पुण्याच्या नारायण पेठेतला केसरीवाडा. पार्किंगच्या भानगडीत आपण इथून नुसतेच पुढे निघून जातो, पण आज थांबूया, कारण जानेवारी २०२५ मध्ये सुबोध भावेंचा जो 'संगीत मानापमान' सिनेमा आला, त्याचं मूळ नाटक लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांच्या 'केसरी' वर्तमानपत्रातले.

खाडिलकर म्हटलं की आधी 'कीचकवध' आठवतं. गोष्ट महाभारतातली, पण लोकांना कीचकात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसायचा, सरकारलाही तो दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पुढच्याच वर्षी हा माणूस काय घेऊन आला, तर रोमँटिक कॉमेडी! तीही संगीत, किर्लोस्कर नाटक मंडळीसाठी.

भामिनी श्रीमंताघरची. वडिलांच्या मनातला जावई धैर्यधर शूर सेनापती आहे, पण गरीब, म्हणून ती त्याचा अपमान करते, मग वनमाला नावाची साधी मुलगी बनून त्याच्याजवळ जाते आणि स्वतःच त्याच्या प्रेमात पडते. दुसरीकडे लक्ष्मीधर, दागिन्यांनी मढलेला आणि एक नंबरचा भित्रा. इंग्रजांचं राज्य, लोक त्या भित्र्या श्रीमंताला खो खो हसतायत आणि नायिका गातेय 'शूरा मी वंदिले'. मला विचाराल तर खाडिलकरांनी राजकारण सोडलंच नव्हतं हो, फक्त ते प्रेमकथेत घातलं.

भामिनी व्हायचे बालगंधर्व, आपल्या रंगमंदिराला ज्यांचं नाव आहे ते. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ठुमरीच्या अंगाच्या. १९२१ मध्ये बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर असा दोन मंडळ्यांचा संयुक्त प्रयोग मुंबईत झाला, कशासाठी, तर टिळक स्वराज्य फंडासाठी. म्हणजे लव्हस्टोरीनं स्वराज्यासाठी पैसे उभे केले!

आता सिनेमा. संगीत शंकर-एहसान-लॉय, भामिनी वैदेही परशुरामी, धैर्यधर स्वतः सुबोध भावे. खरी अडचण वेळेची आहे, नाटकात भामिनी बदलते ती गाण्यातून, वन्समोअर मिळत गेले की गाणं रंगतच जायचं आणि तेवढा अवकाश पडद्यावर मिळत नाही. तरीही आजच्या मुलांपर्यंत भामिनी पोचवायचं हे धाडस मला मनापासून आवडलं.

सिनेमा बघाच, पण सोबत बालगंधर्वांचं 'नाही मी बोलत नाथा' पण ऐका. बोलत नाही म्हणते आणि गातच राहते, लाडात येऊन, त्या 'नाथा'वर पुन्हा पुन्हा येत.