लाइट गेली, मजुरी कुणाची बुडाली?

नमस्कार मंडळी. हा टॉवेल बघा. (टॉवेल कॅमेऱ्याजवळ धरून) काठापासून चार बोटं आत एक उभी रेघ दिसते? ताण्यातला, म्हणजे उभा, धागा तुटला आणि लूम तसाच चालत राहिला. असा टॉवेल 'सेकंड'मध्ये, म्हणजे दुय्यम मालात जातो. विणणाऱ्याला दिसला नसेल का? दिसला की ओ! पण लूम थांबवा, तुटलेलं टोक शोधा, गाठ मारा, फणीतून ओढून घ्या. तेवढ्यात शेजारच्याचा नग उतरतो. आणि पैसे तर नगावर!

आपल्या सोलापुरात टॉवेल असो, गणवेशाचं शिवणकाम असो की विडी, बरीचशी मजुरी नगावरच. "जेवढं काम तेवढा दाम, यात वाईट काय?" असं पुष्कळ जण विचारतात. ऐकायला सरळ वाटतं. पण काम किती होणार, हे एकट्या कामगाराच्या हातात असतं का? सूत कच्चं आलं की धागा सारखा तुटतो. बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, संपला की नवा चढेपर्यंत बसून राहायचं. लाइट गेली की घाम पुसत दारात उभं राहायचं. सूत आणलं मालकानं, लाइट घालवली वीज कंपनीनं, आणि रिकामा तास कामगाराच्या खिशातून गेला. हाच तास पगारी असता, तर चांगल्या सुताची आणि जनरेटरची काळजी मालकाला आपोआप लागली असती.

आता विडीकडे येऊ. माझी आत्या विडी वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. दर ठरतो हजार विड्यांवर, म्हणजे पंचवीसचा एक असे 40 कट्टे. पण आदल्या रात्री पानं भिजवण्यात आणि कापण्यात गेलेला वेळ? तो त्या हजारातच धरलेला, वेगळा कुणी मोजत नाही. कारखान्यानं दिलेलं पान फाटकं निघालं की हजार भरत नाहीत, मग पदरच्या पैशानं बाजारातून पान आणा. वर कारखान्यात तपासणारा मूठभर विड्या बाजूला सारतो: 'छाट'. आत्या त्याला काही बोलायची नाही. उद्या पान याच्याच हातून घ्यायचं होतं ना!

आणखी एक. कारखान्याचं कार्ड आत्याच्या एकटीच्या नावावर, पण तोंडं दुमडायला शाळेतून आलेल्या माझ्या दोन्ही आतेबहिणी बसायच्या. मग हिशोब काय दिसणार? 'एक बाई दिवसाला हजार वळते.' म्हणजे दर पुरेसा आहे! तीन जणींचं काम एकीच्या नावावर चढतं, आणि मला ही सगळ्यात वाईट गोष्ट वाटते.

तरण्या, चपळ हाताला नगावर जास्त मिळतं, हे मान्य. पन्नाशीत नजर मंदावली, बोटं आखडली की तोच हात अर्ध्यावर येतो. अनुभव वाढतो आणि कमाई घटते, काय गंमत आहे बघा.

कायद्याला हे माहीत नव्हतं असं नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्यातच नगावर काम करणाऱ्याला वेळेच्या हिशोबानं किमान रक्कम मिळण्याची सोय होती. 1966 च्या विडी कामगार कायद्यानं घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. पान कमी दिलं, विड्या छाटल्या, त्याचे पैसे अडवले, तर तक्रार कुठं करायची तेही त्यात होतं. पण तक्रारीला जायचं म्हणजे दिवस मोडणार, आणि त्या दिवशीची मजुरी? नगावरच की!

तुमच्याकडे लाइट गेल्यावर त्या वेळेचे पैसे मिळतात का? कुठल्या कामात आहात आणि किती मिळतात, खाली लिहा.